भाचरांना मे महिन्यात शिबिराला पाठवतेय, पण पोराने बॅगेत स्वेटर भरलाय

मिरजेची_मावशी | १९ एप्रिल, रात्री ११:२०

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी ताई आणि दाजी दोघंही एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले, मधे फक्त नऊ दिवसांचं अंतर. तेव्हापासून त्यांची दोन्ही मुलं माझ्याकडे आहेत. भाचा आता १२ चा, भाची ८ ची आणि माझी लेक ९ ची. घर दोन खोल्यांचं, सासूबाई आमच्यातच, नवरा शिफ्टला आणि मी घरी ब्लाउज शिवते. पैशाची तक्रार नाही, मुलांच्या नावावर पीएम केअर्सचे पैसे आहेत, २३ वर्षांचे झाले की प्रत्येकाला १० लाख मिळतील, राज्य सरकारची ५ लाखाची ठेव आहे ती वेगळी. पण पैसा आहे म्हणून माणूस दमत नाही असं थोडंच आहे.

शाळा असते तोवर निभतं. मे महिना आला की माझ्या पोटात गोळा येतो. चाळीतली सगळी पोरं मामाकडे, आजोळी जातात, माझी लेक आत्याकडे कोल्हापूरला जाते. ह्या दोघांचं आजोळ म्हणजे मीच ना. माझे आई-वडील नाहीत, दाजींच्या घरच्यांनी पहिल्या वर्षानंतर फोनसुद्धा केला नाही. मग ही दोघं खिडकीत बसून बाकीच्यांच्या रिक्षा बघतात.

म्हणून पन्हाळ्याजवळचं सहा दिवसांचं निवासी शिबिर बघितलं, ८ ते १३ मे. फॉर्मवर आई आणि वडील दोघांच्या सह्या मागितल्यात. मी फोनवर सगळं सांगितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, मग अनाथाश्रमाचं पत्र आणा. मी म्हटलं अहो मुलं आश्रमात नाहीत, माझ्या घरात आहेत, तर म्हणाल्या विचारून सांगते.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. शिबिराचं सांगितल्यापासून भाचा गप्प झालाय. काल बघितलं तर त्याने आत्ताच बॅग भरून ठेवलीय. त्यात स्वेटर, शाळेचे दाखले, गणवेश, ताई-दाजींचा फ्रेममधला फोटो. मे महिन्यात स्वेटर कशाला रे म्हटलं तर काहीच बोलला नाही.

मी त्यांना पाठवून चुकतेय का? खरं सांगायचं तर मला सहा दिवस झोपायचंय, बाकी काही नको. पाच वर्षांत एकदाही नवरा आणि मी दोघंच बसून जेवलो नाही. हे बोलायलाही लाज वाटते.

---

दुपारचा_चहा | २० एप्रिल, सकाळी ७:०५

मावशी, स्वेटर वाचून गलबलून आलं. त्याला वाटतंय थंडीपर्यंत परत येणार नाही. आजच जवळ घेऊन बसा आणि कॅलेंडरवर १३ तारखेला त्याच्याच हाताने गोल करायला लावा.

---

जुनी_शाळा | २० एप्रिल, सकाळी ९:४०

रागावू नका, मोठा आहे म्हणून लिहितो. आईबाप गेलेल्या लेकरांना परत परक्या जागी ठेवायचं हे मनाला पटत नाही. आपल्याकडे सख्खं-चुलत असं काही नव्हतं, एका ताटात दहा पोरं जेवायची, कोणी शिबिराला पाठवत नव्हतं. दमणूक कोणाला नाही? दोन दिवस तुम्हीच सगळे मिळून नरसोबाच्या वाडीला जाऊन या, मुलांनाही बरं वाटेल.

---

गुडघेदुखी_आजी | २० एप्रिल, दुपारी १:१५

जुनी शाळा दादा, एका ताटात दहा पोरं जेवायची तेव्हा वाढायला घरात चार बायका होत्या. आज मी एकटी आहे. वय ६७. मुलगा गेला, सुनेने दुसरं लग्न केलं, तिच्यावर माझा राग नाही, तिचं वय होतं. नातू १४ चा, नात १० ची. सरकारच्या बालसंगोपन योजनेतून मुलांसाठी महिन्याला पैसे मिळतात, आधी ४२५ होते मग ११०० आणि २०२३ ला २२५० केले, त्यात शाळेचं भागतं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन मी दोन वर्षं पुढे ढकललंय कारण डॉक्टर म्हणाले आठ दिवस वाकायचं नाही चुलीपाशी जायचं नाही, मग दोघांकडे बघणार कोण. शेजारी एक दिवस बघतात, दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवशी त्यांचं तोंड कळतं आपल्याला. नातवाचा अभ्यास मी घेते तर मला अक्षर दिसत नाही हे त्याला कळू देत नाही मी.

मिरजेच्या पोरी, तू लाज वाटून घेऊ नकोस. आणि ते शिबिर कुठे आहे, त्यात १४ वर्षांचा चालतो का आणि पैसे किती, मला सांग.

---

संस्थेतली_ताई | २० एप्रिल, रात्री १०:३०

मी १६ वर्षं बालसंगोपन योजनेच्या कुटुंबांबरोबर काम करते, गृहभेटी हेच माझं काम. दिवसभर फिरतीवर होते म्हणून उशीर.

आधी सहीचं. मावशी, तुमच्याकडे बाल कल्याण समितीचा आदेश असणार, कारण पीएम केअर्समध्ये मुलांची नोंद तिथूनच झालेली असते. त्या कागदावर मुलं कोणाच्या ताब्यात आहेत ते लिहिलेलं असतं. त्याची झेरॉक्स, ताई-दाजींचे मृत्यूचे दाखले आणि तुमचं आधार फॉर्मला जोडा, आणि सहीच्या जागी स्वतःची सही करून खाली 'सांभाळ करणारी मावशी' असं लिहा. आश्रमाचं पत्र लागत नाही. त्या बाई वाईट नसतील, त्यांच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही म्हणून अडल्या. कागद सापडत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, त्यांच्याकडे प्रत असते. आणि जिल्ह्याबाहेर पाठवताय म्हणून कक्षाला दोन ओळी लिहून कळवून ठेवा, पुढे प्रश्न येत नाही.

ज्यांच्याकडे मूल नात्यातलं नाही, कायद्याने प्रतिपालकत्वात दिलंय, त्यांनी मात्र समितीला विचारल्याशिवाय पाठवूच नये. किशोर न्याय कायदा २०१५ चं कलम ४४ त्याच्यासाठी आहे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांमुळे ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीसुद्धा मूल सांभाळायला घेऊ शकते. म्हणजे इथून पुढे एकट्या माणसाच्या घरात मुलं येणार, आणि त्या एकट्या माणसाला ताप आला तर काय, ह्याचं उत्तर आज आपल्या कुठल्याच योजनेत नीट नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० मिळतात. पण सुट्टी मिळत नाही. मी प्रत्येक मीटिंगमध्ये हे बोलते आणि बोलत राहणार, कारण माझ्या डोळ्यासमोर तीन मुलं परत बालगृहात गेलीत आणि तिन्ही वेळा सांभाळणाऱ्याचं प्रेम कमी पडलं नव्हतं, अंगातली ताकद संपली होती. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस कोणी बघणारं असतं तर ती मुलं आज घरात असती.

आता स्वेटर. हे आम्ही खूप बघतो. घरून बॅग घेऊन निघाल्यावर आधीचं घर संपलं, हा त्याचा अनुभव आहे. तोंडाने कितीही सांगा, पोटात शिरत नाही. त्याची जीव की प्राण असलेली एखादी वस्तू घरी ठेवायला सांगा, जी त्याला परत येऊन घ्यायचीच आहे, आणि तुमची रोजच्या वापरातली एखादी वस्तू त्याच्याबरोबर द्या. नवी विकत आणून नको, तुमचा वास असलेली द्या. फोटो नेतो म्हणाला तर नेऊ द्या. स्वेटरसुद्धा. बॅगेतून काढायला लावू नका.

शिबिरवाल्यांना विचारायचं ते असं. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, मुलींकडे बाई असते ना? अंथरुण ओलं झालं तर काय करतात? 'बाकीच्या मुलांसमोर वाळत घालतो' असं उत्तर आलं तर तिथे पाठवू नका. बहीण-भावाला रोज भेटता येईल का, कारण वयाप्रमाणे गट पाडले की ही दोघं वेगळी होतील आणि भाची रात्री भावाला शोधेल. रोज एक फोन मिळेल का? बरीच शिबिरं पहिले तीन दिवस फोन देत नाहीत, मुलं रुळावीत म्हणून. इतर मुलांना ते चालतं. ह्यांना नाही चालत, ह्यांच्या आईबापांचा फोन एकदा लागायचा बंद झाला तो कायमचाच.

---

काकांकडे_वाढलेला | २१ एप्रिल, रात्री १२:५०

मी सहसा ह्या विषयावर लिहीत नाही. वय २९. सहावीपासून काकांकडे वाढलो.

बाराव्या वर्षी पहिल्यांदा शिबिराला गेलो, एका संस्थेने खास आमच्यासारख्या मुलांसाठी काढलेलं. जेवण चांगलं होतं, पोहणं होतं, सगळं होतं. पण स्टेजमागे मोठा बॅनर, त्यावर 'निराधार बालकांसाठी'. पाहुणे आले की आम्हाला त्याच्यासमोर उभं करायचे, फोटो काढायचे. तो फोटो पेपरात आला आणि शाळा सुरू झाली तेव्हा वर्गातल्या पोरांनी तो दाखवला. माझे काका जिवंत होते, घर होतं, मी निराधार नव्हतो. काकूने तो पेपर फाडला आणि रात्री रडली, तिला वाटलं लोक म्हणतील आम्ही ह्याला सांभाळत नाही.

दुसऱ्या वर्षी काकांनी साध्या शिबिराला पाठवलं, सगळ्या मुलांबरोबर. तिथे वेगळंच झालं. मे महिन्याचा दुसरा रविवार, मदर्स डे, सगळ्यांना कार्ड करायला दिलं, 'माझी आई' वर चार ओळी लिहा. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि तासभर टाकीमागे बसलो. एक दादा शोधत आला, काही विचारलं नाही, म्हणाला भाकऱ्या थापायला माणूस कमी पडतंय, येतोस का? त्या दिवशी मी पहिल्यांदा भाकरी थापली, वाकडी झाली, त्याने तीच खाल्ली. शिबिरातलं मला बाकी काही आठवत नाही पण त्या चुलीचा धूर आठवतो.

मावशी, तुमच्या तारखांत १० मे येतोय. त्याच दिवशी मदर्स डे आहे. आधीच सांगून ठेवा त्यांना. कार्ड बंद करा म्हणू नका, 'घरातल्या माणसासाठी कार्ड' एवढा बदल करा म्हणा. आणि 'वडील काय करतात' हे ओळख परेडमध्ये विचारू नका म्हणा, 'तुला काय आवडतं' विचारा.

अजून एक, मी पोळी उशीखाली ठेवायचो. भूक नसायची, पण ठेवायचो. ओरडू नका म्हणावं.

माझं मत, खास वेगळी शिबिरं नकोत. सगळ्यांबरोबरच पाठवावं.

---

संस्थेतली_ताई | २१ एप्रिल, सकाळी ८:१०

@काकांकडे_वाढलेला, हे लिहिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. बॅनर आणि पेपरातला फोटो, हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही हो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख छापणं, दाखवणं ह्याला कायद्याने बंदी आहे, २०१५ च्या कायद्याचं कलम ७४. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणगीदाराला दाखवायला म्हणून फोटो टाकणाऱ्यांना मी हे कलम प्रिंट काढून देते.

---

लीड्सवाली | २१ एप्रिल, दुपारी ३:४५

मी मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये लीड्सला. नवरा आणि मी मंजूर झालेले फॉस्टर केअरर आहोत, म्हणजे दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळणारे, पण आमच्याकडे मुलं कायम राहत नाहीत, दुसऱ्या केअररची मुलं आमच्याकडे शनिवार-रविवार किंवा सुट्टीत येतात. ह्याला इथे रेस्पिट म्हणतात. पण मुलांसमोर तो शब्द आम्ही वापरत नाही, कारण मोठ्या झालेल्या मुलांनीच सांगितलं की तो ऐकला की वाटायचं आम्ही इतके त्रासदायक आहोत का, की आमच्यापासून विश्रांती घ्यावी लागते. आम्ही नुसतं 'ह्या वीकेंडला आमच्याकडे राहायला ये' म्हणतो.

इथे मॉकिंगबर्ड नावाची पद्धत आहे, अमेरिकेत सुरू झाली, ब्रिटनमध्ये २०१५ पासून आहे. सहा ते दहा घरं मिळून एक गट, त्यातलं एक अनुभवी घर मध्यभागी. बाकीच्या घरातली मुलं गरज पडली की त्या मधल्या घरी झोपायला जातात, महिन्यातून एकदा सगळी घरं एकत्र जमतात. म्हणजे मूल अनोळखी जागी जातच नाही, ज्या घरात दिवाळीला फराळाला जातो तिथेच रात्री राहतो, असं समजा. मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं अहो हे तर आमचं आजोळ आहे, तुम्ही ते आखून दिलंत एवढंच.

वेगळी शिबिरं नकोत ह्यावर माझं थोडं वेगळं मत आहे. अमेरिकेत कॅम्प टू बिलाँग म्हणून शिबिर आहे, १९९५ साली सुरू झालेलं, वेगवेगळ्या घरात वाटल्या गेलेल्या सख्ख्या भावंडांसाठी. आठवडाभर ती एकत्र राहतात, वर्षभरात हुकलेले एकमेकांचे वाढदिवस तिथे साजरे करतात, आणि एकमेकांसाठी उशी बनवून देतात, ती घरी न्यायची. तिथे कोणालाच 'तुझे आई-बाबा कुठे' हे सांगावं लागत नाही कारण सगळ्यांचंच तसं आहे. त्यामुळे प्रश्न वेगळं शिबिर काढण्याचा नाही, बॅनर लावण्याचा आहे असं मला वाटतं.

---

काकांकडे_वाढलेला | २१ एप्रिल, रात्री ९:००

भावंडांचं पटलं. माझी बहीण आत्याकडे होती, आम्ही वर्षातून एकदा भेटायचो, लग्नकार्यात. आठ दिवस एकत्र मिळाले असते तर कुठल्याही बॅनरखाली राहिलो असतो.

---

माजलगावकर_सर | २२ एप्रिल, सकाळी ६:३०

जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, बीड जिल्हा. आमच्याकडचं चित्र सांगतो कारण ते उलटं आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

दसरा झाला की कोयता निघतो, म्हणजे माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको दोघंही जातात, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात. पोरं म्हातारीपाशी. मार्च-एप्रिलपर्यंत ती आजीच त्यांची आई असते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, तिथे जेवणाची सोय होते, शाळा सुटत नाही, चांगली योजना आहे आणि ती नीट चालावी म्हणून आम्ही शिक्षक भांडतो. पण रात्री पोरं म्हातारीकडेच झोपतात बहुतेक ठिकाणी, आणि ताप, भांडण, वयात आलेल्या नातीची काळजी हे सगळं तिच्याच अंगावर.

आता गंमत बघा, सगळी शिबिरं मे महिन्यात. मे महिन्यात आमच्या पोरांचे आई-वडील घरी असतात! वर्षातले तेवढेच पाच-सहा महिने. तेव्हा पोराला शिबिराला पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं. एका संस्थेचे लोक आले होते, फार चांगली माणसं, मेच्या शिबिराला फुकट नेतो म्हणाले, एकही पोरगं आलं नाही. त्यांना वाटलं गावाला किंमत नाही. आम्हाला पाहिजे दिवाळीच्या सुट्टीत. दिवाळीला आई-वडील फडावर असतात, गावात फटाके वाजतात आणि आमची पोरं म्हातारीसमोर बसलेली असतात. म्हातारीलाही तेव्हाच कापूस वेचायचा असतो, चार पैसे मिळतात. दिवाळीतली पाच दिवसांची शिबिरं कोणी घेत असेल तर मी २५ मुलं घेऊन स्वतः येतो, मुक्काम करतो.

---

दुपारचा_चहा | २२ एप्रिल, सकाळी १०:२०

सर, हे कधीच डोक्यात आलं नव्हतं. माणगावजवळ वडघरला साने गुरुजींच्या स्मारकात मुलांची निवासी शिबिरं होतात, राष्ट्र सेवा दलाचीही होतात. दिवाळीचं विचारून बघायला हरकत नाही. मी फोन करते.

---

जुनी_शाळा | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:००

सगळं वाचलं. आजींच्या डोळ्यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझी बायको हे सगळं एकटीने करायची आणि मी बाहेरून आल्यावर 'काय दिवसभर घरीच तर असतेस' म्हणायचो. ती आता नाही. आजी, तुम्ही कुठल्या गावच्या? मी इचलकरंजीला असतो, निवृत्त आहे, जवळ असाल तर ऑपरेशनच्या दिवसात नातवाचं गणित-विज्ञान रोज दोन तास घेईन. आमच्याकडे दुपारी जेवायला येऊ दे, सूनबाईला विचारलंय, ती हो म्हणाली.

---

संस्थेतली_ताई | २२ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

काका, खूप छान. फक्त एक विनंती, मुलांच्या बाबतीत ओळख प्रत्यक्ष होऊ द्या, आजींच्या ओळखीचं कोणीतरी मधे असू द्या, पत्ता-फोन इथे उघड लिहू नका. तुमच्यावर अविश्वास नाही, पण हा नियम आम्ही प्रत्येकासाठी पाळतो. आजी, तुमच्या बालसंगोपनाच्या संस्थेच्या ताईंनाच मधे घ्या.

---

गुडघेदुखी_आजी | २२ एप्रिल, रात्री ८:४०

मी हातकणंगल्याची. आमच्या संस्थेच्या ताईंना उद्या फोन लावते. दादा, तुमच्या सूनबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

मिरजेची_मावशी | १६ मे, दुपारी २:३०

उशीर झाला लिहायला, माफ करा. दोघंही जाऊन आली.

समितीचा कागद माळ्यावरच्या पेटीत सापडला, जोडला, बाईंनी मुकाट्याने घेतला आणि परवा फोन करून म्हणाल्या की फॉर्मवर 'आई / वडील / सांभाळ करणारे' असा रकाना करून घेतलाय. मदर्स डेचं सांगितलं होतं, त्यांनी कार्डाऐवजी मुलांना घरी न्यायला मातीचं काहीतरी करायला दिलं. भाचीने माझ्यासाठी पणती आणली आणि सासूबाईंसाठी एक, सासूबाईंची जास्त मोठी.

वस्तूचं ताईंनी सांगितलं तसं केलं. भाच्याने सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे दिली, रोज हवा बघायची आणि कोणाला चालवू द्यायची नाही असं बजावून. मी माझी शिलाईची टेप दिली त्याला, जी रोज माझ्या गळ्यात असते. त्याने तिथे त्या टेपने सगळ्यांची उंची मोजली म्हणे, दादा लोकांची पण. स्वेटर नेलाच. पहिल्या रात्री फोनवर फक्त 'हं' 'हं' करत होता. दुसऱ्या रात्री भाची रडली, तिला त्याच्या गटात झोपू दिलं नाही पण दोघांच्या खोल्यांमधल्या व्हरांड्यात ती झोपेपर्यंत बसू दिलं, एक ताई सोबत होती. चौथ्या दिवशी फोन त्याने घाईत ठेवला, खेळ सुरू होणार होता म्हणून.

मी पहिले दोन दिवस झोपलेच नाही. सारखं वाटायचं कोणीतरी हाक मारतंय. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला आडवी झाले ती संध्याकाळी सातला उठले, नवऱ्याने पिठलं-भात केला होता. आम्ही दोघं जेवलो, ताईबद्दल बोललो, पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासाठी मोठ्याने रडले, मुलं नव्हती ना घरात.

परत आल्यावर भाच्याने चपला काढायच्या आधी सायकल बघितली. मग बॅग उघडून सगळं जागच्या जागी लावलं, फोटो, दाखले. स्वेटर कपाटात वरच्या खणात ठेवला आणि म्हणाला, मावशी तिकडे रात्री खरंच गार असतं.

आजी, शिबिराला १५ पर्यंतचे चालतात, फी ३००० होती पण त्यांना तुमचं सांगितलं तर निम्मी करतो म्हणाले. ऑपरेशन झालं का? माजलगावकर सर, मी बाईंना दिवाळीच्या शिबिराचं विचारलं. त्या म्हणाल्या जागा रिकामीच असते, मुलं किती आणि वयं काय ते कळवा.

---

माजलगावकर_सर | १६ मे, रात्री ९:१०

आत्ताच २७ पर्यंत गेलीत. त्यात ११ मुली आहेत, आमच्या शाळेतल्या मॅडम सोबत यायला तयार आहेत. यादी उद्या तयार करतो. थंडीचे कपडे लागतील ना तिथे?

---

मिरजेची_मावशी | १६ मे, रात्री ९:२५

लागतील सर. भाचा म्हणतोय सगळ्यांना स्वेटर आणायला सांग.